उघडी मूठ सव्वा लाखाची

बंगळूरहून होसूरकडे निघालेल्या माणसाला वाटेत दोन अग्रहारांच्या पाट्या दिसतात. एक कोनप्पन अग्रहार, दुसरा परप्पन अग्रहार. अग्रहार म्हणजे विद्यावंतांच्या योगक्षेमासाठी राजाने दान दिलेले गाव, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. १९७८ च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या संस्थेने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या शिवारातील ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यास घेतली, आणि त्या अग्रहाराचे नाव नव्या अर्थाने सार्थ झाले. दुसऱ्या अग्रहारात बंगळूरचा मध्यवर्ती तुरुंग आहे. तोही एका परीने मान्यवरांचे निवासस्थान ठरला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये, मुख्यमंत्रिपद सोडून तीन महिनेही झाले नव्हते तोच, बी. एस. येडियुरप्पा यांना जमीन-प्रकरणातील न्यायालयीन कोठडीत तेथे जावे लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच आवारात भरविलेल्या विशेष न्यायालयात जयललिता यांना, त्या मुख्यमंत्रिपदावर असतानाच, शिक्षा सुनावण्यात आली.

मी या दोन अग्रहारांच्या मधल्या मुलखात भाड्याच्या घरात राहतो आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. लहानपणी आम्हांला शिकविले होते की, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की तिची किंमत संपली. मोठेपणी या रस्त्यावरून जाता-येता वृत्तपत्रे वाचीत गेलो, तसतशी माझी खात्री होत गेली की ही म्हण आमच्या राजकारणाला लागू नाही. तेथे मूठ उघडली, आत काय आहे ते साऱ्या जगाने पाहिले, तरी ती सव्वा लाखाचीच राहते. कधी कधी तर तिचा भाव वाढतो.

भ्रष्टाचार उघडकीस आला म्हणजे निम्मे काम झाले, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. वृत्तपत्राने बातमी छापली, लोकायुक्ताने अहवाल दिला, महालेखापालाने आकडा सांगितला, की आता राजकीय पक्ष लाजेने तरी त्या माणसाला दूर सारतील, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की पक्षांच्या शब्दकोशात लाज हा शब्दच नाही. तेथे वजाबाकी आहे. उघडकीस आल्याने उमेदवारी जात नाही. उमेदवारीची किंमत तेवढी नव्याने ठरविली जाते. ज्याला वगळल्याने काही नुकसान होत नाही तो वगळला जातो, आणि ज्याला वगळल्याने नुकसान होते त्याच्यासाठी तत्त्वे वाकविली जातात. हे मी कोणा एका पक्षाविषयी बोलत नाही. ज्याचे मीठ खातो त्या सरकारचे सेवानियम मला तसे बोलू देत नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर, पुरावाही तसे बोलू देत नाही. तो सर्वांविरुद्ध सारखाच आहे.

आमच्या या राज्यातलेच उदाहरण घ्या. २७ जुलै २०११ रोजी लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेल्लारी भागातील बेकायदा खाणकामावरचा अहवाल सरकारला सादर केला. २००६ ते २०१० या काळात राज्याचे सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता, आणि मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबियांशी संबंधित न्यासाला एका खाण कंपनीकडून मिळालेल्या पैशांचाही उल्लेख होता. चारच दिवसांनी, ३१ जुलैला, येडियुरप्पांनी राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये जनार्दन रेड्डी यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. त्या दिवसांत सामान्य माणसाला वाटले, आता सूर्य उगवला. पक्षानेही सोवळे नेसल्याचा आव आणला.

पुढे काय झाले? येडियुरप्पा रुसले, २०१२ च्या अखेरीस पक्ष सोडून त्यांनी कर्नाटक जनता पक्ष काढला. २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत त्या नव्या पक्षाला जागा अवघ्या सहा मिळाल्या, पण मते शेकडा दहाच्या घरात. आणि २००८ मध्ये ११० जागा जिंकणारा भारतीय जनता पक्ष चाळिसांवर आला. ही झाली वजाबाकी. जानेवारी २०१४ मध्ये येडियुरप्पा सन्मानाने स्वगृही परतले आणि त्याच वर्षी शिमोग्याहून लोकसभेचे उमेदवार झाले. मधल्या काळात त्यांचे निर्दोषत्व सिद्ध झाले होते काय? नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाचे आरोपपत्र न्यायालयापुढेच होते. खाण-प्रकरणातून ते सुटले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, तेव्हा त्या प्रकरणी त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. मी एवढेच दाखवितो की पक्षाने न्यायालयाची वाट पाहिली नाही. पक्षाने मतमोजणीची वाट पाहिली.

महाराष्ट्रातील वाचकांनी इतक्यात समाधानाचा सुस्कारा टाकू नये. त्याच २०१४ साली, त्याच निवडणुकीत, दुसऱ्या पक्षाने नांदेडात काय केले? आदर्श गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण बाहेर पडल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. २०१२ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. २०१४ मध्ये काँग्रेसने त्यांना नांदेडची उमेदवारी दिली. ही निवडणूक, आठवते ना, भ्रष्टाचाराच्याच प्रश्नावर लढली गेली होती. टूजी आणि कोळसा हे शब्द पोराटोरांच्या तोंडी होते. आणि त्या धुमश्चक्रीत काँग्रेसला महाराष्ट्रातील अठ्ठेचाळीस जागांपैकी दोनच मिळाल्या. त्यांतली एक नांदेडची! तिकडे शिमोग्यात येडियुरप्पा साडेतीन लाखांहून अधिक मताधिक्याने आले. एकमेकांवर भ्रष्टाचाराचे आरोप करणाऱ्या दोन पक्षांनी एकाच वेळी एकच हिशेब मांडला, आणि दोघांचाही हिशेब बरोबर आला. मग त्यांनी तो का बदलावा?

चव्हाणांची गोष्ट पुढेही आहे. त्यांच्यावर खटला भरण्यास राज्यपालांनी २०१६ मध्ये दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने संसदेत एक श्वेतपत्रिका मांडली. मागच्या राजवटीतील घोटाळ्यांच्या यादीत आदर्शचेही नाव होते. त्यानंतर आठवड्याच्या आत चव्हाण भारतीय जनता पक्षात आले आणि लगोलग राज्यसभेचे उमेदवार झाले. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कार्ट्या, ही म्हण आपण घरोघरच्या आयांसाठी केली होती. कार्टे उंबरा ओलांडून घरात आले की त्याच क्षणी बाळ होते, हा तिच्यातला नवा अर्थ राजकारणाने काढला.

आता पुन्हा बेल्लारीकडे वळू. जुलै-ऑगस्ट २०१० मध्ये सिद्धरामय्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने या खाणलुटीविरुद्ध बंगळूरहून बेल्लारीपर्यंत सुमारे ३२० किलोमीटरची पदयात्रा काढली होती. पायांना फोड येईपर्यंत चालणारी माणसे पाहून पुष्कळांना गहिवरून आले. आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, भारतीय जनता पक्षाने जनार्दन रेड्डींशी आपला काही संबंध नाही असे जाहीर केले, आणि त्यांचे दोन्ही बंधू व निकटचे स्नेही श्रीरामुलु यांना तिकिटे दिली. पदयात्रावाल्या पक्षाने काय करावे? बेकायदा लोहखनिज-प्रकरणात अटक होऊन आलेले आनंद सिंग आणि नागेंद्र यांना त्यानेही तिकिटे दिली. कारवारचे सतीश सैल हेही त्याच प्रकरणात अटक झालेले. त्यांनाही २०१८ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये काँग्रेसची उमेदवारी मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात विशेष न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने पुढल्याच महिन्यात ती तहकूब केली. रेड्डी स्वतः २०२३ मध्ये आपल्या स्वतंत्र पक्षातर्फे गंगावतीहून निवडून आले, आणि मार्च २०२४ मध्ये संबंध नसलेल्या पक्षाने त्यांना पुन्हा पदरात घेतले. मे २०२५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने त्यांना ओबुळापुरम् प्रकरणात सात वर्षांची शिक्षा दिली. तिलाही पुढे उच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. पण ज्या दिव्याने हे सारे दिसले त्या दिव्यावरच मडके उपडे घालण्याची युक्तीही निघाली. २०१६ मध्ये काँग्रेस सरकारने भ्रष्टाचार प्रतिबंधक विभाग नावाची नवी यंत्रणा काढून लोकायुक्त पोलिसांचे अधिकार तिच्याकडे वळविले. विरोधात असताना या निर्णयावर तुटून पडणारा पक्ष २०१९ मध्ये सत्तेवर आला आणि त्याने ती यंत्रणा तशीच ठेविली. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही एकाच बाजूची उदाहरणे देता. उघडकीस आल्यामुळे तिकीट गेल्याचीही उदाहरणे आहेत. आहेत ना! मार्च २०२३ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी चन्नगिरीचे आमदार मडाळ विरूपाक्षप्पा यांच्या मुलाला चाळीस लाखांची लाच घेताना पकडले. घरातून कोट्यवधींची रोकड निघाली. नोटांच्या चळतींची छायाचित्रे घरोघर पोहोचली. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. पक्षाने विरूपाक्षप्पांचे तिकीट कापले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण तिकीट गेले ते गेलेच.

शिमोगा आणि चन्नगिरी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे पक्षांचा अलिखित कायदा वाचता येतो. तिकीट जाण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, पुरावा डोळ्यांना दिसेल असा हवा. हजार पानांचा अहवाल कोणी वाचीत नाही, नोटांची चळत निरक्षरालाही वाचता येते. दुसरी, मतदान जवळ आलेले हवे. आपली स्मृती आंब्याच्या मोहोरासारखी. एक पाऊस झाला की गळते. आणि तिसरी व सर्वांत महत्त्वाची, तो माणूस असा हवा की ज्याच्यावाचून पक्षाचे अडत नाही. ज्याच्यामागे जात आहे, मठ आहे, कारखाना आहे, खाण आहे, चार जिल्ह्यांतले कार्यकर्ते आहेत, त्याला हा कायदा लागू नाही. तात्पर्य, भ्रष्टाचाराची उघडकी ही आमच्या राजकारणात चाळणी आहे खरी. पण ती उलटी चाळणी. बारीक खडे ती अडविते आणि धोंडे सोडून देते.

हे असे नेहमीच होते असे नाही. ग्वाल्हेरच्या वाचकांना १९९६ साल आठवत असेल. हवाला-प्रकरणातील डायऱ्या १९९१ मध्ये सापडल्या होत्या. जानेवारी १९९६ मध्ये प्रकरण थोरामोठ्यांवरील आरोपपत्रांपर्यंत पोहोचले. लालकृष्ण अडवाणींनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढविणार नाही असे जाहीर केले. ते १९९६ ची निवडणूक लढले नाहीत. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले; १९९८ मध्ये ते गांधीनगरहून निवडून आले आणि देशाचे गृहमंत्री झाले. त्यांच्या इतर राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. परंतु दोन वर्षे बाहेर बसल्याने त्यांचे काय बिघडले, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

काँग्रेसनेही त्या वर्षी अडकलेल्या अनेकांना तिकिटे नाकारली. पण त्याचा शेवट कसा झाला? माधवराव शिंदे यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि ग्वाल्हेरची जागा सहज जिंकली. पुढे तेही आरोपमुक्त झाले आणि स्वपक्षात परतले. छिंदवाड्यात कमलनाथांचे तिकीट कापले ते त्यांच्या पत्नीला देण्यासाठी. त्या निवडून आल्या. काही महिन्यांनी त्यांनी जागा रिकामी केली, आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीत कमलनाथ उभे राहिले ते मात्र हरले. एवढा एक अपवाद सोडला तर १९९६ ने पक्षांना जो धडा दिला तो असा की, तिकीट नाकारणे म्हणजे जागा घालविणे. अडवाणींचा धडा कोणी गिरविला नाही. ग्वाल्हेरचा सर्वांनी पाठ केला.

कायद्याने काही केले नाही असेही नाही. न्यायालयात दाद मागणाऱ्या मूठभर प्राध्यापकांच्या खटपटीने सर्वोच्च न्यायालयाने २००२ व २००३ मध्ये उमेदवाराला आपल्यावरील खटले व मालमत्ता शपथपत्रावर जाहीर करावयास लाविले. २०१३ मध्ये, शिक्षा होताच सदस्यत्व जाईल असे ठरविले. आणि १३ फेब्रुवारी २०२० रोजी तर न्यायालयाने पक्षांनाच जाब विचारला: ज्याच्यावर खटले आहेत असा माणूस निवडलात, तर का निवडलात, आणि निष्कलंक माणूस का मिळाला नाही, याची कारणे लिहून प्रसिद्ध करा, निवडून येण्याजोगा आहे, एवढेच कारण चालणार नाही. वृत्तपत्रांत छापा, निवडणूक आयोगाला कळवा. त्यासाठी सी-७ नावाचा एक छापील नमुनाही झाला. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळले नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये भाजप व काँग्रेससह आठ पक्षांना दंड झाला. काहींना एक लाख, दोघांना पाच लाख.

माझे अर्धे आयुष्य नमुने भरण्यात आणि भरलेले नमुने तपासण्यात गेले आहे. त्यामुळे या सी-७ कडे मी व्यवसायबंधूच्या नजरेने पाहतो. कारणाच्या रकान्यात काय लिहिलेले असते? उमेदवार लोकप्रिय आहे, समाजसेवेत अग्रेसर आहे, इतर इच्छुकांहून अधिक लायक आहे, आणि खटले राजकीय सूडबुद्धीचे आहेत. नाव बदलावे, मतदारसंघ बदलावा, मजकूर तोच. आमच्या कार्यालयात एखाद्याने नैमित्तिक रजेच्या अर्जावर वर्षभर तेच कारण लिहिले तर वरिष्ठ त्याला बोलावून घेतात. येथे बोलावून घेणारा वरिष्ठ मतदार. आणि त्याने तो नमुना कधी पाहिलेलाच नसतो.

कार्यालयाचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडील एक पद्धत सांगतो, कारण या लेखाचा सारा रोख तिच्यावर आहे. तिला मोहोरबंद पाकीट म्हणतात. बढतीसाठी समिती बसते. ज्याच्यावर खात्याचे आरोपपत्र आहे, किंवा ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे, अशा नोकराचाही समिती विचार करते. पण त्याच्याविषयीचा निर्णय पाकिटात घालून त्यावर मोहोर लाविली जाते. खटल्याचा निकाल लागल्यावर ते उघडतात. माणूस निर्दोष ठरला आणि आत अनुकूल निर्णय असेल, तर त्याच्या कनिष्ठाला ज्या तारखेस बढती मिळाली त्याच तारखेपासून त्याची बढती धरली जाते. दोषी ठरला, तर पाकीट न उघडल्यासारखेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या जानकीरामन खटल्यात या पद्धतीच्या मर्यादा आखून दिल्या: नुसती कुजबूज किंवा चौकशी चालू असणे पुरेसे नाही; रीतसर आरोपपत्र पाहिजे.

माझ्या पूर्वीच्या एका कार्यालयात एका वयस्क सहकाऱ्याचे असे पाकीट मी पाहिले आहे. प्रवासभत्त्याच्या बिलातील काहीशे रुपयांचा प्रश्न होता. चार वर्षे पाकीट बंद राहिले. त्यांनी ज्यांना टिपणी लिहावयास शिकविले ती मुले त्यांच्यावर अधिकारी होऊन आली. या मुलांपुढे ते उभे राहत, ‘होय साहेब’ म्हणत आणि जागेवर येऊन चष्मा पुसत बसत. शेवटी चौकशीत ते निर्दोष ठरले, पाकीट उघडले, त्यांनी सर्वांना म्हैसूरपाक वाटला. सहा महिन्यांनी निवृत्त झाले. त्यांच्यावर अन्याय झाला काय? झाला. विलंबाचा अन्याय झाला, आणि तो लहान नव्हता. तरीही मी त्यांना एकदा विचारले, ही पद्धतच नको असे वाटत नाही का? ते म्हणाले, “अरे, तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या त्याच्याबद्दल लोकांच्या मनात शंका नको. माझी तक्रार पाकिटाबद्दल नाही. ते उघडायला चार वर्षे का लागली, याबद्दल आहे.”

या माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या म्हणजे काय, तर टपालाच्या तिकिटांची पेटी! आणि ज्यांच्या हाती राज्याच्या खाणी, धरणे, रस्ते आणि जमिनी सोपवावयाच्या, त्यांच्यासाठी मात्र पाकीटही नाही आणि मोहोरही नाही. काहीशे रुपयांच्या संशयावर कारकुनाने चार वर्षे चष्मा पुसावा, आणि कोट्यवधींच्या आरोपपत्रावर नेत्याने मिरवणुकीतून अर्ज भरावयास जावे, हे ज्या देशात एकाच राज्यघटनेखाली घडते तेथे समानता या शब्दाचा अर्थ मुलांना कसा शिकवावा, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पक्षांनी आपल्या उमेदवारांसाठी मोहोरबंद पाकीट स्वीकारावे. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याबद्दल ज्याच्यावर न्यायाधीशाने आरोप निश्चित केले आहेत, त्याला निकाल लागेपर्यंत तिकीट नाही. निर्दोष ठरला की पाकीट उघडा, वाजतगाजत तिकीट द्या. हा नियम असता तर, आरोपनिश्चिती झालेली असल्यास, येडियुरप्पांना २०१४ मध्ये थांबावे लागले असते आणि २०१८ मध्ये त्यांना कोणीही, मीसुद्धा, अडविले नसते. विधी आयोगानेही २०१४ च्या आपल्या २४४ व्या अहवालात, गंभीर गुन्ह्यांत आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर अपात्रता असावी, अशी शिफारस संरक्षक अटींसह केली आहे. संसद कायदा करील तेव्हा करो. पक्षाला आपला उमेदवार निवडण्यास कायदा लागत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, सिद्ध होईपर्यंत प्रत्येकजण निर्दोष. बरोबर. हे तत्त्व माणसाला तुरुंगात टाकण्यापूर्वी पाळावयाचे. आमदार करण्यापूर्वी नव्हे. उमेदवारी हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. ज्या मुलाविषयी गावात शंका आहे त्याला आपण फाशी देत नाही, पण निकाल लागेपर्यंत मुलगीही देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सत्ताधारी खोटे खटले भरून विरोधकांना बाद करतील. हे भय खरे आहे, आणि म्हणूनच मी पोलिसाच्या अटकेवर विसंबत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या आणि संयुक्त समितीकडे गेलेल्या घटनादुरुस्ती विधेयकात, तीस दिवस अटकेत राहणाऱ्या मंत्र्याचे पद जावे अशी योजना आहे. अटक सरकारच्या हातची असते. म्हणून ती मला धोक्याची वाटते. आरोपनिश्चिती ही न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून करतो. तेथेही चूक होईल; पण ती चूक दिवाणखान्यात बसून ठरविलेली नसेल.

तिसरा आक्षेप हसत हसत केला जातो: लोकांनी निवडून दिले म्हणजे जनतेच्या न्यायालयात तो सुटला. मतदार हा न्यायाधीश नव्हे. त्याच्यापुढे साक्षीदार येत नाहीत, कागद येत नाहीत. येतात ते दोन उमेदवार, आणि पुष्कळदा दोघांचीही पाकिटे बंद राहावयास हवी असतात. ज्याला निवड करण्यास वावच ठेविलेला नाही त्याच्या मताला निकालपत्र म्हणणे, ही त्याची थट्टा आहे.

परंतु मतदाराचा, म्हणजे आपला, मुद्दा निघाला आहे तर त्याला बगल देऊन चालणार नाही. या इलेक्ट्रॉनिक सिटीत सांगलीची, कोल्हापूरची, बेळगावची, सोलापूरची हजारो मराठी मुले-माणसे आहेत. गणेशोत्सवात आम्ही एकत्र येतो, आरती झाल्यावर देशाच्या अधोगतीवर तासभर बोलतो, आणि मसालेभात खाऊन घरी जातो. आमच्यातील किती जणांचे नाव येथल्या मतदारयादीत आहे? बहुतेकांचे गावी आहे, आणि मतदानाच्या दिवशी गावी जाणे होत नाही. मी स्वतः सहा वर्षे असाच काढली. २०२३ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे त्र्याहत्तर टक्के मतदान झाले. बंगळूर शहराला साठही गाठता आले नाहीत. जो संताप मतपेटीपर्यंत पोहोचत नाही त्याची नोंद पक्षाच्या वजाबाकीत होत नाही. पक्षांना लाज नाही हे मी वर लिहिले. पण आमच्या संतापाला किंमत नाही, हेही त्याच दमात लिहिले पाहिजे.

दुसरे, आपण नेहमी उशिरा बोलतो. उमेदवार ठरल्यावर, अर्ज भरल्यावर, फार तर निकाल लागल्यावर. ज्या आठवड्यात यादी तयार होत असते तो आठवडा आपल्यासाठी अस्तित्वातच नसतो. एखाद्या सोसायटीतील दोनशे मतदारांनी त्या आठवड्यात सर्व पक्षांच्या कार्यालयांना एकच ओळ लिहून कळवावी की, आरोप निश्चित झालेला उमेदवार दिलात तर आमची दोनशे मते नाहीत. म्हणजे वजाबाकीत पहिल्यांदाच आमचा आकडा दिसेल. आणि सी-७ प्रसिद्ध झाला की तो कारणाचा रकाना मोठ्याने वाचावा. गणपतीपुढे वाचला तरी चालेल. त्यात पक्षविरोध नाही, प्रचार नाही.

काल संध्याकाळी घरी येताना होसूर रस्त्यावर वाहतूक तुंबली होती. एका अग्रहारातून सुटलेली माणसे बसच्या खिडक्यांना डोकी टेकून पेंगत होती. शेजारून पोलिसांची एक निळी गाडी जाळ्यांच्या खिडक्यांतून काही चेहरे घेऊन दुसऱ्या अग्रहाराकडे चालली होती. त्यांत कोणी आमदार नसावा. मळकट सदऱ्यांतली पोरे होती. पाकिटे चोरली असतील कोणाची. त्यांची मूठ उघडली तेव्हाच तिची किंमत संपली होती. ती म्हण अजून खरी आहे, पण तेवढ्यांच्यापुरतीच. ती सर्वांना लागू व्हावी एवढेच माझे मागणे आहे. आणि पुढल्या याद्या ठरतील त्याच्या आधी, मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हे वाचकांनी आज रात्रीच पाहून ठेवावे.